कापण्याआधी मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



आपल्याकडच्या दवाखान्यांत एक पद्धत फार चांगली आहे. पेशंट चपला दाराबाहेर काढून आत येतो. थंड देशांतल्या डॉक्टरला मधुमेहाच्या रुग्णाचा पाय बघायचा असेल तर आधी बूट आणि मग मोजे उतरवायला सांगावं लागतं. आपल्यासमोर पाय उघडाच येतो. तरी आपण तो बघत नाही. मी स्वतः कित्येक वर्षं बघितला नाही. टेबलामागे बसून शुगरचा रिपोर्ट वाचला, गोळी वाढवली, ‘भात कमी करा’ म्हणालो, आणि टेबलाखालचे पाय आले तसे परत गेले.

मी जिल्ह्याच्या गावी तीस-बत्तीस वर्षं सर्जरी केली, आता निवृत्त आहे. पत्रात गाऱ्हाणं आहे, पण त्यातला पहिला आरोपी मीच आहे, हे आधी सांगून टाकतो.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे आले होते. पंधरा वर्षांची शुगर, आषाढीची वारी न चुकवणारे. उजव्या पायातली चप्पल वाटेत कधी निसटली हे त्यांना कळलंच नव्हतं. कोसभर ते तसेच चालले. अंगठ्याला फोड आला, फुटला, चिघळला आणि काळा पडला. मी घोट्याला पट्टा बांधून रक्ताचा दाब घेतला. तो चांगला आला, जरा जास्तच चांगला. मी अंगठा काढला. तीन आठवड्यांनी जखमेच्या कडा काळ्या पडल्या, म्हणून अर्धं पाऊल काढलं. तेही भरेना, म्हणून गुडघ्याखाली कापलं. ती जखमही उसवली. शेवटी गुडघ्याच्या वर. चार महिन्यांत चार ऑपरेशनं झाली आणि प्रत्येक वेळी मी त्यांच्या बायकोला सांगितलं, ‘आता एवढंच.’

डिस्चार्जच्या दिवशी ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तिकीट एकदाच फाडायचं असतं. तुम्ही चार वेळा फाडलंत.”

बोलण्यात राग नव्हता. आयुष्यभर हिशोब चोख ठेवलेल्या माणसाने माझ्या हिशोबातली चूक दाखवली होती. माझ्या ओटीच्या रजिस्टरमध्ये त्या चारही ऑपरेशनांच्या ‘कारण’ या रकान्यात एकच शब्द आहे, गँगरीन. जिथे सुरी लावली तिथल्या कातडीला जखम भरून काढण्याइतका ऑक्सिजन मिळतो आहे का, हा प्रश्न त्या रकान्यात कुठेच नाही. तो मी विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर मिळण्याची सोय होती. त्या सोयीबद्दलच हे पत्र आहे.

साहेब, ऑक्सिजनचा आकडा महाराष्ट्राला नवा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याच खात्याने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली आणि आशाताई पल्स ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेल्या. ज्यांनी कधी थर्मामीटर हातात धरला नव्हता, ते लोक पारावर बसून पंचाण्णव आणि ब्याण्णववर चर्चा करू लागले. एक आकडा किती माणसांना वेळेवर हॉस्पिटलात पोचवू शकतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

पण त्या यंत्राने एक गैरसमजही मागे ठेवला. पायाला जखम असलेल्या वडिलांना घेऊन एक मुलगा आला. कोविडातला ऑक्सिमीटर त्याने घरीच वडिलांच्या पायाच्या बोटाला लावून पाहिला होता. “सत्त्याण्णव दाखवतो, डॉक्टर. ऑक्सिजन तर चांगला आहे, मग जखम का भरत नाही?”

प्रश्न हुशारीचा होता. उत्तर पाटाच्या पाण्याने द्यावं लागलं, कारण तो टेलचा शेतकरी होता.

धरण सत्त्याण्णव टक्के भरलं आहे, ही बातमी खरी असते. म्हणून कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलला, पाणी पोचलंच असं नाही. मध्ये कालवा फुटलेला असतो, चारी गाळाने भरलेली असते, वरचे लोक पाणी ओढत असतात. ऑक्सिमीटर धरणाचा साठा सांगतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनने किती टक्के ऑक्सिजन उचलला आहे, एवढंच त्याला कळतं. रक्त बोटापर्यंत धो धो येतं की ठिबकतं, याची त्याला पर्वा नसते. ठिबकणारं रक्तसुद्धा सत्त्याण्णव टक्के भरलेलं असू शकतं.

घोट्याचा रक्तदाब म्हणजे कालव्यावरची पट्टी. ती पुष्कळदा उपयोगाची असते. पण मधुमेहात पायाच्या रोहिण्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठतं आणि नळी सिमेंटच्या पाइपासारखी ताठ होते. पट्टा कितीही फुगवा, ती दबत नाही. मग आत रक्त कमी असतानाही दाब भरपूर दिसतो. माझ्या कंडक्टरांचा ‘जास्तच चांगला’ दाब हा असा होता. अँजिओग्राफीत कालव्याचा नकाशा दिसतो, कुठे अडलं आहे तेही दिसतं. पण शेवटच्या शेतातल्या मातीत ओल किती आहे, हे त्या मातीत हात घातल्याशिवाय कळत नाही.

ती ओल मोजणारी तपासणी म्हणजे कातडीवरून ऑक्सिजन मोजणं. डॉक्टरी भाषेत टीसीपीओटू.

करायला ती अगदी साधी दिसते. पेशंटला उताणं झोपवायचं आणि थोडा वेळ शांत पडू द्यायचं. खोली गार नको. आधी चहा-कॉफी नको, बिडी-तंबाखू तर मुळीच नको. पावलाच्या वरच्या बाजूची, जखमेजवळची जागा निवडायची. हाडाचा उंचवटा आणि फुगलेली शीर टाळायची. जागा स्वच्छ पुसायची, केस असतील तर काढायचे. एक चिकटणारी रिंग लावायची, तिच्यात द्रवाचे दोन-तीन थेंब सोडायचे आणि वर बटणाएवढा सेन्सर बसवायचा. दुसरा सेन्सर छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली. तुलनेसाठी तो लागतो. छातीवरही आकडा कमी असेल तर दोष पायाचा नसून फुप्फुसाचा किंवा हृदयाचा असू शकतो.

सेन्सर आपल्या खालची कातडी ४४ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतो. या तपासणीची सगळी गंमत या उष्णतेत आहे. एरवी कातडीच्या पृष्ठभागापर्यंत ऑक्सिजन जवळजवळ पोचतच नाही. वाटेतल्या पेशी तो खाऊन टाकतात. ऊब लागली की केशवाहिन्या पूर्ण उघडतात, हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडू लागतं आणि कातडीचा वरचा थर त्याला वाट देतो. पंधरा-वीस मिनिटांत पडद्यावरचा आकडा स्थिरावतो. सुई नाही, इंजेक्शन नाही. सेन्सर काढल्यावर कातडीवर एक लालसर गोल राहतो, तो काही वेळाने जातो.

आकडा रक्तदाबासारखाच, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. अमेरिकेतल्या रक्तवाहिनी-सर्जनांच्या संघटनेने २०१४ मध्ये धोक्यातल्या पायांची जी प्रतवारी केली, तिच्यात या आकड्याच्या चार पायऱ्या आहेत. ६० किंवा वर असेल तर रक्तपुरवठ्याची काळजी नाही. ४० ते ५९ म्हणजे थोडी कमतरता. ३० ते ३९ म्हणजे बरीच. ३० च्या खाली पाय धोक्यात. मधुमेही पायांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं की आकडा २५ किंवा वर असेल तर जखम भरण्याची शक्यता वाढते. त्याच्या खाली असेल तर तातडीने रक्तवाहिन्यांचं चित्र घेऊन रक्ताचा रस्ता उघडण्याचा विचार करा.

वरकरणी सारख्याच दिसणाऱ्या दोन जखमांचे रस्ते या आकड्यावर वेगळे होतात. हे महाराष्ट्राला समजायला अवघड नाही, कारण बधिर पायाशी आपली ओळख जुनी आहे. वरोऱ्याच्या आनंदवनाने कुष्ठरुग्णाला माणूस म्हणून उभं केलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगात बोटं रोगाने झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून झालेल्या जखमांनी ती जातात. त्या पायांसाठी मऊ एमसीआर रबराच्या चपला आल्या. आज मधुमेही पायालाही त्याच सुचवल्या जातात. पण एक फरक आहे. कुष्ठरोगाच्या पायाला बहुधा रक्त भरपूर असतं. त्याच्यावरचा भार काढला, त्याला विश्रांती दिली, तर जखम भरते. मधुमेहाचा पाय बधिर असतो, आणि पुष्कळदा त्याचं रक्तही आटलेलं असतं. ज्याच्या रोहिण्या बंद आहेत त्याला विश्रांती द्या, ड्रेसिंग बदला, महागडी मलमं लावा, जखम भरत नाही. कोरड्या शेतात खत टाकल्यासारखं ते आहे.

एक बाई आठवतात. टाचांना भेगा, एका भेगेत पस, पायाची दोन बोटं काळी. घरच्यांनी दोन महिने तूप-हळद केली, मग गावातल्या ड्रेसिंगवाल्याकडे दोन महिने काढले. तोवर मी शहाणा झालो होतो. मी त्यांना मोठ्या शहरात या तपासणीला पाठवलं. पावलावर आकडा आला २२. तिथेच अँजिओप्लास्टी झाली. रक्त सुरू झालं तरी कातडीवरचा आकडा लगेच चढत नाही, त्याला आठवडे लागतात. महिन्याने तो ४१ झाला. मग मी काळी पडलेली ती दोनच बोटं काढली. जखम भरली. बाई चुलीपुढे उभ्या राहू लागल्या. माझ्या हातात कसब तेच होतं, सुरी तीच होती. कंडक्टरांच्या वेळी आकडा नव्हता, एवढाच फरक.

ज्यांचा पाय कापण्यावाचून इलाजच नाही, त्यांनाही आकडा उपयोगी पडतो. कुठे कापलं तर जखम भरेल, याचा अंदाज मांडी, पोटरी आणि पाऊल अशा वेगवेगळ्या जागी मोजून घेता येतो. गुडघा वाचणं आणि जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुडघा असला तर कृत्रिम पाय लावून माणूस शेताच्या बांधावर जाऊ शकतो, संडासला स्वतः जाऊ शकतो. गुडघा गेला की म्हातारं माणूस बहुधा खाटेला खिळतं. पेशंटला मास्कने ऑक्सिजन देऊन पुन्हा मोजलं की आकडा किती उसळी घेतो, यावरूनही पुष्कळ कळतं. हायपरबेरिक, म्हणजे जास्त दाबाच्या, कक्षातल्या महागड्या बैठका कुणाला द्याव्यात, हेही यावरून ठरवता येतं. त्या दाबाखाली, शुद्ध ऑक्सिजन घेतानाही ज्याच्या पायाचा आकडा २०० पार करत नाही, त्याने त्या बैठकांसाठी दागिने मोडू नयेत.

एक मुद्दा आपल्या रंगाचाही आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलेल्या अभ्यासात दिसलं की गडद कातडीवर पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजनची कमतरता जास्त वेळा चुकवतो. तो प्रकाशाने बघतो आणि कातडीचा रंग त्याच्या आड येतो. टीसीपीओटूचा सेन्सर प्रकाशाने बघत नाही. ऑक्सिजनचे रेणू पातळ पडद्यातून आत जातात, प्लॅटिनमच्या तारेवर त्यांची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून निघणारा वीजप्रवाह मोजला जातो. काळ्या-गोऱ्याचा भेद त्याला ठाऊक नाही. सावळ्या महाराष्ट्राने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

या सेन्सरच्या जन्माची गोष्ट आपल्याला मुद्दाम सांगतो, कारण माझी मागणी तिच्यातूनच निघते. लीलंड क्लार्क नावाचा अमेरिकन संशोधक १९५० च्या दशकात रक्तात बुडबुड्यांनी ऑक्सिजन मिसळणारं यंत्र बनवत होता. त्याने त्यावर निबंध लिहिला. संपादकाने तो परत पाठवला. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब तुम्ही मोजलेला नाही, तर तुमचं म्हणणं छापायचं कसं? तेव्हा तो दाब सहज मोजायचं साधनच नव्हतं. क्लार्कने मग ते साधनच तयार केलं. त्याचा इलेक्ट्रोड आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्या नावाने ओळखला जातो. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या मारबुर्ग इथे हुख दांपत्य आणि ल्युबर्स यांनी तो इलेक्ट्रोड तापवून नवजात बाळांच्या कातडीवर लावला. बाळाला वरचेवर सुई न टोचता ऑक्सिजन कळू लागला. पुढे बाळांसाठी पल्स ऑक्सिमीटर आला आणि त्याने ही जागा बरीचशी घेतली. तापलेला सेन्सर मात्र पाळण्यातून उतरून आजोबांच्या पायाशी येऊन बसला आणि तिथे तो आजही कामाचा आहे.

त्या संपादकाचा हट्ट मला आवडतो. मोजलं नाहीस तर मी मानणार नाही. माझं मागणं असं आहे की आता हा हट्ट आपल्या खात्याने धरावा.

पहिली गोष्ट. सरकारी रुग्णालयात किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पैशातून घोट्याच्या वर पाय कापायचा असेल, तर केसपेपरवर एक ओळ सक्तीची करा. पायाच्या कातडीवरचा ऑक्सिजन किती होता? ते यंत्र नसेल तर पायाच्या बोटातला रक्तदाब किती होता? बोटातल्या बारीक रोहिण्या घोट्यातल्यांइतक्या ताठत नाहीत, म्हणून तो घोट्याच्या दाबापेक्षा जास्त विश्वासाचा. आणि दोन्ही मोजले नसतील तर का नाही? या ओळीला खर्च शून्य आहे. पण ती लिहावी लागणार म्हटल्यावर सर्जन सुरी उचलण्याआधी थांबेल. मी थांबलो असतो.

या नियमाला एक अपवाद ठेवायलाच हवा आणि तो सर्जनच्या हातात असावा. पस वर चढत असेल, पेशंट तापाने फणफणला असेल, रक्तात विष पसरत असेल, तर आकड्याची वाट बघायची नसते. आधी जीव. अशा वेळी सुजलेल्या, पसाने भरलेल्या पायावर हा आकडाही खोटा येतो. सूज आणि जंतुसंसर्ग दोन्ही तो खाली ओढतात. तळपायाच्या जाड कातडीवर आणि घट्ट्यांवर तो घ्यायचाच नसतो. आणि एका आकड्यावर पायाचा निकाल लावणं हाही अडाणीपणाच. नाडी, बोटाचा दाब, जखमेचं रूप, पेशंटचं घर आणि त्याचं बळ यांच्या शेजारी हा आकडा मांडायचा. पण मांडायचा.

दुसरी गोष्ट. प्रत्येक जिल्ह्यात एका ठिकाणी हे यंत्र असावं. राज्यात ३६ जिल्हे आहेत. यंत्र स्वस्त नाही, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ते द्या, असं मी म्हणणार नाही. जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय ही आता पुष्कळ ठिकाणी एकाच आवारात आहेत, पण खाती दोन आहेत. आपण आणि वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांनी बसून आधी ठरवा, यंत्र कुणाचं. नाहीतर ते दोन खात्यांच्या मधल्या व्हरांड्यात धूळ खात बसेल. आपल्याकडे यंत्र येतं, उद्घाटन होतं, फोटो निघतो आणि मग त्याच्यावर कव्हर चढतं. पुढच्या वर्षी कळतं की सेन्सरचा पडदा संपला, किंवा ते शिकलेली सिस्टर बदलून गेली. म्हणून खरेदीच्या कागदातच पडदे, रिंगा, द्रव आणि कॅलिब्रेशन यांची काही वर्षांची तरतूद असावी. हे काम शिकलेल्या दोन माणसांची बदली एकाच वेळी करू नये, असंही लिहून ठेवा. तपासणीत सगळ्यात कठीण भाग म्हणजे वीस मिनिटं धीराने बसणं आणि जागा नीट निवडणं. त्याला एमडीची पदवी लागत नाही.

तिसरी गोष्ट गावातली. भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. दर वर्षी १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, चौकाचौकांत शिबिरं होतात. बोट टोचलं जातं, आकडा सांगितला जातो, केळं आणि बिस्किटं वाटली जातात. कुणी खाली वाकत नाही. मधुमेहात पाय कापला जातो तेव्हा दहापैकी साधारण आठ-नऊ वेळा त्याची सुरुवात पायावरच्या एका जखमेपासून झालेली असते. ती जखम पहिल्या दिवशी कुणीतरी पाहण्यासारखी असते. आशाताई, आरोग्यसेविका आणि कुष्ठरोग विभागातले अनुभवी कर्मचारी हे सगळे आपल्याकडे आहेत. पायात भेग आहे का, भोवरी आहे का, बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत का, दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूचा स्पर्श कळतो का, पायाच्या पाठीवरची नाडी लागते का, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात. मग एकच नियम: नीट उपचार होऊनही चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही, तर पेशंट जिल्ह्याला, यंत्राकडे. चार महिन्यांनी नव्हे.

चौथी गोष्ट. मोजून पुढे पाठवायला जागा नसेल तर मोजणं क्रूर आहे. आकडा २२ आला आणि कुणी वाट दाखवली नाही, तर पेशंटला आपण फक्त वाईट बातमी दिली. म्हणून प्रत्येक जिल्ह्याला अँजिओप्लास्टी आणि बायपास करणारं एक केंद्र जोडून द्या. त्याचं नाव भिंतीवर लिहून ठेवा. तिथे जाण्या-येण्याचा आणि सोबतच्या माणसाच्या मुक्कामाचा खर्च कसा भागेल, तेही ठरवा. आमच्या भागातल्या पुष्कळ पायांचा निकाल एसटीच्या भाड्यावर आणि बुडणाऱ्या मजुरीवर लागतो.

यावर कुणी म्हणेल, देशात गोवर आहे, क्षयरोग आहे, कुपोषण आहे, त्यात पायाच्या ऑक्सिजनची चैन कशाला? गुडघ्याच्या वर पाय गेलेल्या माणसाचं घर त्याने एकदा बघावं. कमावता माणूस बसतो, त्याला उचलायला दुसरा कमावता माणूस बसतो. मोठं अ‍ॅम्प्युटेशन झालेल्या मधुमेही रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांच्या आत जातात, असं जगभरचे अभ्यास सांगतात. माझे कंडक्टर दोन वर्षांत गेले. १९८९ मध्ये इटलीतल्या सेंट व्हिन्सेंट इथे जमलेल्या युरोपियन देशांनी मधुमेहामुळे होणारी अ‍ॅम्प्युटेशनं निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ठेवायला आपल्यालाही कुणाची बंदी नाही. पण निम्मं करायला आधी पूर्ण किती आहे ते लिहावं लागतं.

पाटबंधारे खात्यात एक चांगला शब्द आहे, ‘टेल टू हेड’. पाळी सोडली की आधी शेवटच्या शेताला पाणी, मग वरच्यांना. मधुमेहाच्या बाबतीत आपण उलटं करत आलो. साखर मोजली, हृदय पाहिलं, डोळे पाहिले, किडनी पाहिली, आणि पाळी संपेपर्यंत पायाला काहीच उरलं नाही. वारीच्या मुलखात, जिथे लेक सासरी जाताना पाया पडते आणि देव नसला तर पादुका पुजल्या जातात, तिथे पाय शेवटी यावा हे शोभत नाही.

एक विनंती करून थांबतो. पुढच्या वेळी आपण एखाद्या जिल्हा रुग्णालयाला भेट द्याल तेव्हा नव्या इमारतीची फीत कापण्याआधी ओटीचं रजिस्टर मागा. ‘गेल्या वर्षी किती पाय कापले?’ असं विचारा. तो आकडा मिळेल, सिस्टर पानं उलटून मोजून देतील. मग विचारा, ‘यातल्या किती पायांचा ऑक्सिजन कापण्याआधी मोजला होता?’ तिथे जी शांतता पसरेल ती नीट ऐका. माझं रजिस्टर तपासलंत तरी तीच ऐकू येईल.

आपला,
जिल्ह्याच्या गावचा एक निवृत्त सर्जन